चार भोकं, पाच नट

आमच्या गल्लीत एक स्विफ्ट परवा नवीन पायांनी आली. अंग स्विफ्टचं, पाय क्रेटाचे. एसटीच्या खिडकीतून शाळकरी पोरं मान काढतात, तशी चारही मॅगव्हील मडगार्डमधून बाहेर डोकावत होती.

स्विफ्टच्या हबला चार बोल्ट, 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर. क्रेटाच्या चाकाला भोकं पाच, वर्तुळ 114.3 चं. छत्तीसपैकी एकही गुण जुळत नाही. मग ही सोयरीक जमवली कुणी?

मध्यस्थाने.

त्याचं नाव ॲडॉप्टर. बोटभर जाडीची ॲल्युमिनियमची चकती. आधी ती चार नटांनी हबला कसायची, मग तिच्यातून निघालेल्या पाच स्टडवर चाक चढवायचं. लग्नातला मध्यस्थ अक्षता पडल्या की जेवून निघून जातो आणि संसार चालू राहतो. हा निघाला तर चाकही त्याच्यासोबत निघतं.

"काई होत नाई काका," मालक म्हणाला. वय बावीस. गाडी वडिलांच्या नावावर.

आता वडिलांचं ऐका. ते स्वतः ट्रॅक्टरच्या चाकांशी खेळतात. मागच्या चाकाची डिश उलटी लावायची, रिमची बाजू फिरवायची, की दोन चाकांतलं अंतर कमी-जास्त होतं. कपाशीच्या ओळी वेगळ्या अंतरावर, सोयाबीनच्या वेगळ्या, आणि चाक पिकावर जाऊन चालत नाही. ही सोय कंपनीनेच ठेवलेली, अंतर किती ते पुस्तकात छापलेलं. पोराने स्विफ्टचं एकेक चाक इंचभर बाहेर काढलंय. डवरणी कोणत्या वावरात करायची आहे?

चाक बाहेर सरकलं की बेअरिंगवरचा भार बाहेरून लोंबकळतो. भरलेली बादली छातीशी धरा, मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण खांदा लगेच तक्रार करतो. बेअरिंग फक्त घुमतं. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणूनच तर डिकीत वूफर असतो.

अहो, पण पोर्शे कंपनी स्वतः असल्या चकत्या, म्हणजे स्पेसर, देते म्हणे! देते. पोर्शेने, पोर्शेसाठी, मोजून. जर्मनीत असल्या बदलाला तपासणीचे कागद लागतात. आपल्याकडे कागद लागतो तो चकतीला ग्रीस लागलं तर पुसायला.

आतले चार नट चाक चढवल्यावर दिसत नाहीत. सैल झाले तर कळत नाहीत. म्हणून पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत चाक खोलून ते पुन्हा कसायचे असतात. कसले का? "गॅरेजवाल्यानं पाईप लावून टाईट केले ना." पान्याला पाईप, पाईपवर गॅरेजचं पोरगं उभं. टॉर्क मोजायचं आपलं एकक म्हणजे त्या पोराचं वजन. ते सकाळी उपाशी आलं असेल तर?

आमच्या जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पाऊस, पीक, देशाचा खजिना, सगळ्याचं भाकीत निघतं. नटाचं अजून काढत नाहीत.

आणि ही गाडी घेऊन जायचं कुठे? समृद्धी महामार्गावर! मेहकरला चढलं की ताशी 120 ची मुभा. त्या वेगाला हे चाक सेकंदाला पंधराहून जास्त गरके घेतं. 1 जुलै 2023 ला याच रस्त्यावर पिंपळखुट्याजवळ बस पेटली, 25 माणसं गेली, तेव्हा टायर फुटला की नाही यावर अख्खा जिल्हा टायरतज्ज्ञ झाला होता. आठवड्याने तेच तज्ज्ञ मॅगव्हीलचे भाव विचारत होते.

कायदा आहे ना! 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू नका. 2019 च्या दुरुस्तीने दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बोटभर चकती म्हणजे 'बदल' का, यावर वकील दोन तारखा सहज काढतील. विम्याचा सर्व्हेअर काही बोलत नाही. वाकून फोटो काढतो.

मी पोराला एकच विचारलं. "स्टेपनी कोणती?"

"कंपनीची, काका. एकदम कोरी."

"म्हणजे चार भोकांची. आणि रात्री सिंदखेड राजाच्या पुढं पंक्चर झालं तर लावशील कशावर? पाच स्टडवर?"

तो डिकीपाशी गेला. वूफर उचलून खाली ठेवला आणि भोकं मोजायला लागला.