एकदा बघून येतो

प्रत्येक इमारतीत एक तरी माणूस असा असतो, की घराबाहेर पडण्यासाठी त्याला तीनदा घराबाहेर पडावं लागतं. पहिल्यांदा तो कुलूप लावून जिना उतरतो. दुसऱ्यांदा कुलूप ओढून बघायला वर जातो आणि उतरतो. तिसऱ्यांदा, ओढताना ते सैल तर झालं नाही ना, हे बघायला जातो. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत हे पद नानांकडे आहे. बिनविरोध.

नाना सरकारी खात्यात हिशेब तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर माणसं नोकरीतल्या सवयी सोडतात. नानांनी फक्त कार्यालय सोडलं. सदतीस वर्षं लोकांच्या बेरजांवर अविश्वास दाखवण्याचा पगार घेतल्यावर आता तेच काम ते घरी विनावेतन करतात. 'एकदा बघून येतो' हे त्यांचं वाक्य इमारतीतल्या पोरांनासुद्धा पाठ आहे. त्या वाक्यातला 'एकदा' कुणीही मनावर घेत नाही.

नानांचं कुलूप सात लिव्हरचं. अशा कुलपात चावीच्या दात्यांनी आतली प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली तरच ते उघडतं. हाताने ओढून त्याचं काही बिघडत नाही. हे नानांना पूर्ण ठाऊक आहे. त्यामुळे कुलपाबद्दल त्यांची लगेच खात्री पटते आणि संशय कोयंड्याकडे सरकतो. वर्षानुवर्षं ओढून ओढून एका सकाळी तो कोयंडा स्क्रूसकट, चौकटीचा ढलपा घेऊन नानांच्या हातात आला. कुलूप मात्र लागलेलंच होतं. चेहऱ्यावर विजयाची छटा आणत नाना बायकोला, म्हणजे माईंना, म्हणाले, "बघ! मी म्हणत नव्हतो, कोयंडा कच्चा आहे म्हणून?"

सुतार समंजस होता. तो म्हणाला, "नाना, लॅच बसवून घ्या. दार ओढलं की आपोआप बंद. ओढून बघायला काही उरतच नाही." नानांनी लॅच बसवून घेतलं. आता ते दार खांद्याने ढकलून बघतात.

गॅसचं प्रकरण याहून खोलवर जातं, अगदी जमिनीपर्यंत. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर खाली, फरशीलगत साचतो. ही माहिती एखाद्या साध्या माणसाला मिळाली असती, तर तो 'असं होय' म्हणून चहा प्यायला असता. नाना तेव्हापासून ओट्याजवळ उभे राहून वास घेत नाहीत. ते आधी उकिडवे बसतात, मग पालथे पडतात आणि फरशीला नाक लावून दीर्घ श्वास घेतात. एकदा उघड्या दारातून दूधवाल्याने हे दृश्य पाहिलं आणि पिशव्या टाकून बोंब मारली. तळमजल्यावरचे डॉक्टर एका पायात चप्पल घालून धावत वर आले आणि त्यांनी नानांची नाडी धरली.

"थांबा हो," नाना फरशीवरूनच म्हणाले, "श्वास घेतोय."

"मीही तेच बघतोय," डॉक्टर म्हणाले.

घरातल्या वस्तू निदान जागच्या जागी असतात. लोकल थांबत नाही, आणि तिथे नानांची खरी कसोटी लागते. मध्य रेल्वेने कल्याण, कर्जत आणि कसारा ही तिन्ही नावं एकाच अक्षरापासून सुरू करून नानांच्या आयुष्यात फार मोठी ढवळाढवळ केली आहे. त्यात इंडिकेटरवर कर्जतची खूण 'एस' आणि कसाऱ्याची 'एन'. शिवाय स्लो गाडीचाही 'एस'च. मागे एका संकष्टीला नाना आणि माई टिटवाळ्याला निघाले. टिटवाळा कसाऱ्याच्या मार्गावर. गाडी आली, माई बायकांच्या डब्यात चढल्या. नानांनी डब्याच्या दारातल्या माणसाला विचारलं, "टिटवाळ्याला थांबते ना?" तो म्हणाला, "हो." दुसराही "हो" म्हणाला. दोघांचं एकमत झालेलं बघून नानांच्यातला तपासनीस जागा झाला आणि त्यांनी तिसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बहुतेक." डोंबिवलीच्या गर्दीत 'बहुतेक'वर विचार करायला कुणाला वेळ मिळत नाही, नाना विचार करू लागले आणि गाडी सुटली. पुढच्या गाडीलाही असंच काहीसं झालं असावं. कारण माई दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन परतल्या, तेव्हा नाना समोरच्या फलाटावर एका कॉलेजच्या मुलाला विचारत होते, "तुम्ही रोज जाता का या गाडीने?"

पण नानांचा खरा महिना नोव्हेंबर. निवृत्तिवेतन चालू राहावं म्हणून या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ मध्ये केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' ही सोय सुरू केली, तेव्हापासून अंगठ्याच्या ठशावर हे काम होऊ लागलं. आता तर नुसता चेहरा दाखवूनही होतं. नाना आधी मोबाइलला चेहरा दाखवतात, मग अंगठा उठवतात आणि वर बँकेत जाऊन कागदावर सहीही करून येतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते इतरांपेक्षा तिप्पट जिवंत असतात. तरी आठवड्याने त्यांना चुटपुट लागते. ते बँकेत जाऊन खिडकीतल्या मुलीला विचारतात, "मी जिवंत असल्याची नोंद झालीय ना, एकदा बघता का?" ती मुलगी त्यांना आता ओळखते. गेल्या खेपेला ती संगणकाकडे न बघताच म्हणाली, "झालीय हो, नाना." नाना जागचे हलले नाहीत. "स्क्रीनवर बघून सांगा," ते म्हणाले. "माझ्याकडे बघून काय सांगता?"

या सगळ्यावर नानांच्या मुलाने पुण्याहून एक तोडगा सुचवला. "बाबा, निघताना गॅसच्या बटणाचा फोटो काढत जा. वाटेत शंका आली की फोटो बघायचा." नानांना हे मनापासून पटलं. आठ दिवस घरात शांतता होती. नवव्या दिवशी ठाण्याला पोचल्यावर नानांनी फोटो उघडला, बटण बंद दिसलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "अगं, पण हा फोटो आजचा की कालचा?"

फोटोवर तारीख असते, हे मुलाने फोनवर समजावून सांगितलं. "मोबाइलची तारीख बरोबर आहे कशावरून?" नानांनी विचारलं. तेव्हापासून ते बटणाशेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरून फोटो काढतात. पळवून नेलेल्या माणसाच्या सुटकेसाठी खंडणी मागताना पाठवतात, तसा तो फोटो दिसतो. नातीच्या बारशाचे फोटो दाखवा म्हटलं, तर पाहुण्यांना आधी तीन महिन्यांच्या ठळक बातम्या वाचाव्या लागतात.

या बाबतीत नाना एकटे नाहीत. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या दोन डच मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटच्या तपासणीत काय पाहिलं, हे त्या लोकांना बरोबर सांगता आलं; पण आपल्याला नीट आठवतंय यावरचा त्यांचा विश्वास मात्र उडाला होता. जितकं जास्त बघावं तितकं दिसलेलं पुसट होत जातं. मी हे नानांना सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "हे त्यांनी एकदाच करून बघितलं की दोनदा?"

आता कुणाला वाटेल की अशा माणसाला इमारतीत लोक हसत असतील. हसतात, आणि त्याच नानांकडे आपल्या घरांच्या चाव्या ठेवून गावाला जातात. नानांच्या कपाटात एक खिळ्यांची फळी आहे. प्रत्येक खिळ्याला एक चावी, चावीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर घरमालकाची सही. गावाहून परत आलं की चावीबरोबर अहवालही मिळतो: कुंड्यांना पाणी घातलं, बेसिनचा नळ ठिबकत होता तो घट्ट केला, पालीला बाहेर काढलं (दोनदा). नानांच्या घराची जादा चावी मात्र समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंकडे असते. स्वतःच्या घराची चावी स्वतःच्याच घरात ठेवण्यात अर्थ नाही, हे नानांनी फार पूर्वीच ओळखलं होतं.

गेल्या जानेवारीत माईंच्या भाचीचं लग्न होतं, रत्नागिरीला. सकाळची मांडवी एक्स्प्रेस ठाण्याला पकडायची होती. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं हे माहीत असल्यामुळे, ते जानेवारीत बदलत नाही ना, हे नानांनी आधी विचारून घेतलं होतं. पहाटे साडेचारला दोघं तयार झाले. पण तेव्हा वर्तमानपत्र आलेलं नव्हतं. कालच्या वर्तमानपत्रावर फोटो काढणं म्हणजे कालच निघाल्यासारखं. माईंनी हात धरून त्यांना खाली नेलं, रिक्षात बसवलं, आणि नेमका त्याच क्षणी पेपरवाला सायकलवरून फाटकात शिरला.

"एकदा बघून येतो," नाना म्हणाले आणि पेपर घेऊन जिना चढले.

एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात मोबाइल. मग किल्ल्यांचा जुडगा कुठे धरणार? तो त्यांनी ओट्यावर ठेवला. फोटो उत्तम आला. नाना समाधानाने बाहेर पडले, दार ओढलं, लॅच लागलं, खांद्याने ढकलून बघितलं. दार पक्कं होतं. मग त्यांनी खिशात हात घातला.

आरडाओरड्याने आम्ही सगळे जिन्यात जमलो. कुणीतरी म्हणालं, घाबरू नका, काकूंकडे जादा चावी आहे. काकू लेकीकडे नागपूरला गेल्या होत्या. मग काकूंच्या घराची चावी कुणाकडे? सगळ्यांनी एकदम नानांकडे बघितलं. ती नानांच्या कपाटातल्या फळीवर, तिसऱ्या खिळ्याला, सहीनिशी होती. नानांनी मोबाइल काढून मघाचा फोटो मोठा करून बघितला. बटण बंद, तारीख आजची, आणि कोपऱ्यात किल्ल्यांचा जुडगा. "किल्ल्या ओट्यावरच आहेत," ते अधिकृतपणे म्हणाले. "पुरावा आहे."

चावीवाल्याला उठवण्याइतका वेळ नव्हता. माईंनी एकच प्रश्न विचारला, "दार बंद आहे ना?"

"आहे."

"तुमच्याच्यानं उघडत नाहीये ना?"

"नाही."

"मग चोराच्या बापाच्यानंही उघडणार नाही. चला."

माई नंतर सांगत होत्या, की लग्नानंतर पहिल्यांदाच नाना प्रवासात ठाण्यापासून चिपळूणपर्यंत झोपले. रत्नागिरीला चार दिवस त्यांनी पोटभर जेवून घेतलं, मांडवीच्या किनाऱ्यावर फिरले, वऱ्हाडात पत्ते कुटले. गॅसची आठवण नाही, नळाची नाही. बघून येण्याची सोयच उरली नव्हती, त्यामुळे बघायची इच्छाही मेली. उलट लग्नघरात किल्ल्यांची गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगायचे. मंडळी हसून हसून लोळायला लागली, की मध्येच थांबून माईंना विचारायचे, "अगं, पेपर आला तेव्हा पाच वाजले होते की पाचाला पाच कमी होती?" गोष्ट तिथे दोन मिनिटं अडायची, आणि त्या दोन मिनिटांवर लोक सगळ्यात जास्त हसायचे.

चार दिवसांनी दोघं परत आले. काकू अजून नागपुरातच. स्टेशनजवळच्या चावीवाल्याला बोलावलं. जिन्यात पुन्हा गर्दी. त्याने दाराकडे एक नजर टाकली, पिशवीतून पत्र्याची एक पट्टी काढली, फटीत सरकवली, मनगटाला हलका झटका दिला आणि दार उघडलं. चहा टाकायलाही याहून जास्त वेळ लागतो. इमारत चिडीचूप झाली. ज्या दारावर नानांनी इतके खांदे झिजवले, ते एका पट्टीला वश झालं होतं. आता नाना खचणार, असं सगळ्यांना वाटलं.

नाना पुढे झाले. त्यांनी चष्मा सारखा केला, फट निरखली, पट्टी निरखली. "एवढ्यात उघडलं? नक्की?" ते म्हणाले, आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी दार ओढून घेतलं. खट्.

किल्ल्या अजून ओट्यावरच होत्या.

चावीवाल्याने पिशवीत ठेवलेली पट्टी शांतपणे पुन्हा बाहेर काढली. "दोनदा उघडायचे दुप्पट होतील, काका."

माईंनी पर्स उघडली. "तिप्पटच घ्या," त्या म्हणाल्या. "ते अजून एकदा बघतील."