स्थळः, वेळः आणि इतर दुःखं

आमच्या सोसायटीच्या वेबसाइटवर संस्कृत चालतं. ‘विषयः पाणीकपात. वेळः सायंकाळी सहा. स्थळः गच्ची.’ मी हे लिहिलंय तसंच मोठ्यानं वाचतो: विषयह, वेळह, स्थळह. आतून आवाज येतो, “अहो, संध्या करताय का?”

विसर्ग आणि अपूर्णविराम दिसायला जुळे, म्हणून एकाच्या कामावर दुसऱ्याला जुंपतात. उलटही होतं. ज्याला विसर्ग हवाच, त्या ‘दु:ख’मध्ये नेमका कोलन. मग त्या पानावर ‘दुःख’ शोधायला गेलं तर एकही सापडत नाही. भाग्यवान सोसायटी! कुणी टापटिपीचा माणूस विसर्गाआधी जागा सोडतो. पण विसर्गाला टेकायला अक्षर लागतं. ते नसलं की संगणक बिचाऱ्याला पाट मांडावा तसं ठिपक्यांचं वर्तुळ आणून देतो.

सगळा दोष सेक्रेटरींचा नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर कोलनच्या जागी ‘छ’ बसलाय आणि अवतरणचिन्हांच्या कळीवर ‘ट’ आणि ‘ठ’. कुणाचे शब्द जसेच्या तसे द्यायला जावं, तर ‘ठअध्यक्ष म्हणालेठ’. विसर्ग मात्र शिफ्ट धरला की डॅशच्या कळीवर हजर. अडलेला माणूस तोच उचलणार.

अवतरणचिन्हांचे हाल जुने आहेत. छापखान्यात उघडणारं वेगळं, मिटणारं वेगळं. टाइपरायटरनं कळी वाचवायला दोघांत मिळून एक सरळसोट चिन्ह दिलं आणि संगणकानं ते वारशात घेतलं. युनिकोडनं दोघांना पुन्हा स्वतंत्र घरं दिली, तरी वेबपानांवर अजून तीच काटकसर. मी हट्टानं वळणदार चिन्हं वापरतो. त्यातही धोका आहेच. एका दुकानाच्या इंग्रजी पानावर असंच एक चिन्ह फुटलेलं पाहिलं: टोपीवाला ‘ए’, युरो आणि ट्रेडमार्क. युटीएफ-८ मध्ये ते तीन बाइटचं असतं. ब्राउझरनं जुन्या विंडोज संकेतानं वाचलं की एकाची तीन होतात. मला वाटलं, किंमतच युरोत लावलीय.

शेवटी सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, मेजर थॉमस कँडींनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली, ती काय तुम्ही अशी चिन्हं उधळावीत म्हणून?

“कँडी? म्हणजे साहेबच ना?”

“हो.”

“काका, मोडीत होतं का यातलं काही? शब्दसुद्धा तोडत नव्हते. पेशव्यांचा कारभार अडला?”

पेशवे मध्ये आल्यावर पुण्यात वाद घालता येत नाही. मी निघालो, तर त्यांनी वेबसाइटचा पासवर्डच हातात ठेवला. “आता तुम्हीच करा दुरुस्त्या.”

चिठ्ठी उघडून पाहिली. कोलन, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, तिन्ही अस्सल. त्यांच्याशिवाय वेबसाइट पासवर्ड घेतच नव्हती म्हणे.