नकाराचे कारण (भरणे अनिवार्य)

मराठी माणसाला स्थळ नाकारता येतं. त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम आहे. मुलगा ठेंगणा वाटला असेल, मुलीचे वडील फार बोलले असतील, नाहीतर नुसतेच पोहे अळणी झाले असतील. निरोप एकच जातो : पत्रिका जुळत नाही. समोरच्यालाही काय ते कळतं, आणि पुढे कुणाच्या तरी लग्नात दोन्ही घरं एकमेकांना आग्रहानं जिलबी वाढतात. या निरोपाची खरी ताकद अशी, की मंगळ कुणाला हलवता येत नाही. "असं म्हणता? मग आम्ही तो आठव्या स्थानातून नवव्यात सरकवून घेतो," असं कुठल्या वधुपित्यानं म्हटल्याचं ऐकिवात नाही.

नोकरी नाकारताना ही सोय नाही. तिथे तुम्ही जे कारण द्याल ते समोरची माणसं दुरुस्त करून तुमच्या हातात आणून ठेवतात.

मी सदाशिव पेठेतल्या एका लहानशा प्रकाशनात हस्तलिखितं तपासतो. ऱ्हस्व-दीर्घ, लांबलेली वाक्यं, तिसऱ्या प्रकरणात वारलेला आणि सातव्यात चहा मागणारा काका, असलं सगळं बघतो. पगार सांगण्यासारखा नाही, म्हणून सांगत नाही. एका मित्रानं परस्पर माझं नाव हिंजवडीतल्या एका कंपनीत पुढे केलं. मित्राचा मान राखायचा म्हणून मुलाखतीला गेलो. पद होतं 'कंटेंट हेड'. लिहिण्या-वाचण्याशी काही संबंध असेल असं वाटलं होतं, तो नव्हता. हाताखालच्या मुलांनी आठवड्यात किती शब्द लिहिले याचा तक्ता करायचा आणि रात्री साडेनऊला तो अमेरिकेतल्या साहेबांना दाखवायचा. साडेनऊला मी झोपतो. आता हे आपल्याला जमणार नाही हे कळल्यामुळे पुढची सगळी उत्तरं मी अत्यंत निवांतपणे दिली. नोकरी नको असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज येतं त्याला तिकडे 'लीडरशिप' म्हणतात. ऑफर लेटर लगेच आलं.

त्यातला आकडा पाहून घरात शांतता पसरली. सीटीसी हा प्रकार मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून पाहत होतो. भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा त्यात होता, विम्याचा हप्ता होता, साहेब खूश झाले तरच मिळणारा 'व्हेरिएबल' होता. मूळ पगाराच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटीही होती. ती हातात पडायला सलग 5 वर्षं काढावी लागतात. म्हणजे मी त्या तक्त्यासमोर 5 वर्षं टिकलो तर जे मिळणार, ते पहिल्याच दिवशी माझ्या श्रीमंतीत जमा धरलेलं. तरीही, सगळं वजा करून जे उरत होतं ते सध्याच्या पगाराला लाजवणारं होतं, हे मान्य करायला हवं.

बँकेतून निवृत्त झालेले मामा तातडीनं आले. "आमच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड नव्यानं करून घेता घेता लोकांचे केस पिकले," ते म्हणाले. "ऑर्डर आली की रुजू व्हायचं. आवडनिवड कसली बघतोस? ताटातली भाजी आहे का?" मी आगरकरांचा दाखला दिला. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असं त्यांनी ऐन उमेदीत आईला पत्र लिहून कळवलं होतं. मामा म्हणाले, "त्यांना समाज सुधारायचा होता. तुला काय करायचंय?" मला रात्री साडेनऊला झोपायचं होतं. पण आगरकरांच्या पाठोपाठ हे वाक्य उच्चारायला धीर झाला नाही.

बायको तेवढी म्हणाली, "नको तर नको. पण नीट कळव, कुणाला दुखवू नकोस."

न दुखवण्यासाठी मी कारणं द्यायला लागलो, आणि तिथून सगळं अवघड झालं. एचआरमधल्या मुलीचा आवाज इतका गोड होता की तिला नाही म्हणताना आपण कुणाचं तरी बारसं मोडतोय असं वाटे. मी म्हणालो, सिंहगड रस्त्यावरून हिंजवडी फार लांब पडतं. "सर, आपली बस आहे ना! वडगाव पुलापाशी थांबते. एसी आहे." रात्रीचं जागरण सोसत नाही म्हणालो, तर आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करायची मुभा निघाली. इथली नोकरी अशी मध्येच सोडता येणार नाही म्हणालो. "नोटीस पिरियड बायआउट करू सर." आमच्या मालकांनी मात्र नोटिशीचं नाव ऐकून, "जायचं तर खुशाल जा, फक्त दिवाळी अंक निघू दे," एवढंच सांगितलं. शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. आईचे गुडघे दुखतात, तिच्याकडे बघावं लागतं. "सर, पेरेंट्सचा इन्शुरन्स आहे! नी रिप्लेसमेंट पहिल्या दिवसापासून कव्हर्ड!" फोन नेमका स्पीकरवर होता. त्या संध्याकाळपासून आई मामांच्या पक्षात गेली.

मग मला आइन्स्टाइन आठवले. नोव्हेंबर 1952 मध्ये इस्रायलनं त्यांना राष्ट्राध्यक्षपद देऊ केलं होतं. इस्रायलला राहायला यावं लागेल, नागरिकत्व घ्यावं लागेल, पण संशोधनाची पूर्ण मोकळीक, असा प्रस्ताव होता. आइन्स्टाइननी लांब पडतं असं लिहिलं नाही. या प्रस्तावानं आपण हेलावून गेलो आहोत, तो स्वीकारता येत नाही याचं दुःख वाटतं आणि लाजही वाटते, असं लिहून पुढे म्हटलं, की आयुष्यभर मी वस्तुनिष्ठ गोष्टींत रमलो, माणसांशी नीट वागण्याचं अंग आणि अनुभव माझ्याकडे नाही. दोष स्वतःकडे घेतला की समोरचा वाद घालणार कशाशी? सोपं, सभ्य आणि खुद्द आइन्स्टाइननी करून पाहिलेलं.

मीही मेल लिहिली. आपल्या विश्वासानं भारावलो आहे, परंतु माणसं सांभाळण्याचा गुण माझ्यात मुळातच नाही. फोन पाच मिनिटांत आला.

"सर, किती हम्बल आहात तुम्ही! पॅनेलला खूप आवडली मेल. आणि मॅनेजमेंटचं ट्रेनिंग आम्ही देतो ना, लोणावळ्याला, दोन दिवस, राहण्याजेवणासकट."

इस्रायलकडे लोणावळा नव्हतं, म्हणून आइन्स्टाइन सुटले.

"हे काम मला आवडणार नाही," मी म्हणालो. सगळी कारणं संपल्यामुळे खरं तेवढंच शिल्लक होतं.

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. मला वाटलं, दुखावली. पण ती अगदी मोकळेपणानं म्हणाली, "ओके सर! मग एक छोटा फॉर्म पाठवते, तेवढा भरून टाका."

फॉर्ममध्ये 'नकाराचे कारण' असा रकाना होता, शेजारी लाल चांदणी. पर्याय होते पगार, ठिकाण, दुसरी ऑफर, वैयक्तिक अडचण आणि इतर. काम न आवडणं ही शक्यता कुणी धरलीच नव्हती. 'इतर' निवडलं तर खाली किमान शंभर अक्षरांत खुलासा मागितला होता. 'काम आवडणार नाही' हे मी बराच वेळ ताणत बसलो. दुसऱ्यांची लांबलेली वाक्यं छाटण्यावर ज्याचं पोट चालतं त्याच्यावर ही वेळ यावी! शेवटी दोन 'अत्यंत', एक 'सखेद' आणि एक 'नम्रपणे नमूद करू इच्छितो' घातलं, तेव्हा कुठे बटण हिरवं झालं.

सकाळी कंपनीच्या यंत्रानं आपसूक पाठवलेली मेल आली होती. आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार. अनेक उत्तम उमेदवारांमधून निवड करताना या वेळी आपला विचार करता आला नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी ती व्यावसायिक नजरेनं पुन्हा वाचली. आभार होते, शुभेच्छा होत्या, कुणाचा दोष नव्हता आणि कारणाचा पत्ता नव्हता. एक शब्द बदलावासा वाटला नाही.

तीच मेल मी मामांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे रे, होतं असं. खचू नकोस," ते म्हणाले. "चाकणला माझ्या ओळखीचे एक जण आहेत. त्यांच्या कानावर घालून ठेवतो."