रखवालदाराच्या नावावर वाडा

ग्रंथालय, दवाखाना, नाहीतर मेडिकलचं दुकान. बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सहसा यापलीकडे जात नाही, आणि तिन्हींच्या दारात लॉगिनचा फॉर्म असतोच. चार बाटल्यांची नोंद ठेवायची असली तरी पासवर्ड विचारल्याशिवाय आत घेत नाहीत. पासवर्ड बहुधा ‘ॲडमिन’.

परीक्षक म्हणून गेलो की मी डेटाबेसच्या वाटेला उशिरा जातो. आधी मेनूच्या फॉर्मवरची फुली दाबतो. सर कंटाळले, असं वाटून मुलांचा चेहरा उजळतो. मग मी टास्क मॅनेजर उघडायला सांगतो. पडद्यावर काहीच नाही, पण यादीत प्रोग्रॅम ठणठणीत!

सी शार्पमध्ये विंडोज फॉर्म्सचा नवा प्रोजेक्ट घेतला की ‘ॲप्लिकेशन.रन’च्या हाती पहिला फॉर्म आपोआप पडतो. तो मिटला की प्रोग्रॅम मिटतो. आता मुलं पहिला फॉर्म बनवणार लॉगिनचा. म्हणजे देवडीवरच्या रखवालदाराच्या नावावर अख्खा वाडा. पासवर्ड जुळला की त्याचं काम संपलं. पण त्याला निरोप द्यावा तर वाडाच जातो. मग कुणी सीनियर ‘हाइड’चा मंत्र देतो. रखवालदार दाराआड लपतो, मालकी मात्र त्याचीच. माणसं गेली, दिवे मालवले, तरी हा उभाच. पुढे कोडमध्ये दुरुस्ती करून पुन्हा बिल्ड करावं, तर फाइल दुसऱ्याच प्रोसेसच्या ताब्यात असल्याची तक्रार येते. मुलं अँटिव्हायरसला शिव्या देतात.

खरं तर लॉगिनला ‘शोडायलॉग’नं आधीच विचारून घ्यावं आणि त्यानं ‘ओके’ म्हटलं तरच मेनूला ‘रन’च्या हवाली करावं. चार ओळींचं काम. पण त्यासाठी ‘प्रोग्रॅम.सीएस’ ही फाइल उघडावी लागते, आणि तिला हात लावायचा नसतो अशी मुलांची ठाम समजूत असते.

‘पुस्तक शोधा’ या बटणामागे ‘न्यू’ लिहिलेलं असतं, त्यामुळे जितक्या वेळा दाबावं तितके शोधफॉर्म, एकावर एक. त्यावर सापडलेला तोडगाही ‘शोडायलॉग’च, आणि मग तो जिथेतिथे. समोरचा फॉर्म मिटवल्याशिवाय मागच्याला हात लावता येत नाही. सभासदाचा नंबर मागच्या फॉर्मवर अर्धा झाकलेला दिसतो. तो वाचायला मान वाकडी करावी लागते. कट-कॉपी-पेस्टशी ज्यांचं नाव जोडलं जातं, त्या झेरॉक्स पार्कमधल्या लॅरी टेस्लर यांना माणसाला असं एका अवस्थेत कोंडणं इतकं नापसंत होतं, की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरच ‘नो मोड्स’ होतं. मी एवढा कडवा नाही. दंडाची पावती अर्धवट टाकून कारकुनानं दुसरीकडे जाऊ नये, असं मलाही वाटतं, तिथे कोंडावं.

एका मुलानं माझी फुलीची खोड आधीच्या बॅचकडून ऐकली होती. त्यानं प्रत्येक फॉर्मच्या बंद होण्याच्या इव्हेंटमध्ये ‘ॲप्लिकेशन.एक्झिट’ टाकून ठेवलं. टास्क मॅनेजर अगदी स्वच्छ! मी खूश होऊन प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायला लावला आणि सभासदाचा लांबलचक अर्ज भरायला घेतला. मध्येच गाइडचं नाव हवं होतं म्हणून ‘आमच्याविषयी’ची खिडकी उघडली, नाव टिपून घेतलं आणि ती बंद केली. अर्ज, सभासद, ग्रंथालय, सगळंच गेलं.