वरपक्षाचे रुखवत

लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजच्या एका अंगाला, बहुधा येण्याजाण्याच्या वाटेतच, एक लांबलचक टेबल मांडलेले असते. त्यावर रंगवलेल्या सुपाऱ्यांची सप्तपदी, मोत्यांनी मढवलेला नारळ, क्रोशाचे तोरण, सुक्या खोबऱ्याच्या वाटीत थाटलेला इवलासा संसार आणि पाच-पाचच्या हिशेबाने रचलेले लाडू, करंज्या, चकल्या. वरपक्षाची मंडळी हात पाठीमागे बांधून शाळा-तपासनीसाच्या चालीने त्यापुढून फिरतात. मग एखाद्या आत्याबाई काचेच्या बरणीवर ओणवून विचारतात, "हे सगळं मुलीनं स्वतः केलंय ना?"

प्रश्न गंभीर आहे. मुलगी कंपनीत चाळीस माणसांना कामाला लावते, हे बायोडेटात आलेले असते. पण गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटव्या वळायला तिची बोटे वळतात का, याचा पुरावा टेबलावरच द्यावा लागतो. (त्या बरणीची खीर पुढे कोणी केल्याचे ऐकिवात नाही. ती माळ्यावर जाते आणि पुढच्या पिढीच्या लग्नात 'आमच्या वेळचं' म्हणून खाली उतरते.) २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा रुखवत आता संपले असे काहींना वाटले. पण तुळशीवृंदावने पुठ्ठ्याची झाली, सप्तपदी यंत्राने कापलेल्या लाकडी पाट्यांवर आली आणि परंपरा वाचली.

आमची तक्रार रुखवताबद्दल नाही. समोर दुसरे टेबल नसते, याबद्दल आहे. नवरदेवाला काय येते, हे हॉलभर फिरूनही कळत नाही. तो फेटा बांधून येतो, आणि तोही दुसऱ्याने बांधलेला असतो.

केंद्र सरकारने २०१९ साली देशातल्या लोकांचा दिवस मिनिटांत मोजला. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची सरासरी निघाली रोजची २९९ मिनिटे, पुरुषांची ९७. २०२४ साली पुन्हा मोजले, तर बायका २८९ वर आल्या होत्या आणि पुरुष ८८ वर. बाईची दहा मिनिटे वाचली म्हटल्यावर पुरुषाने तत्परतेने आपलीही नऊ कमी करून घेतली. समानतेबद्दलची एवढी जागरूकता इतर क्षेत्रांत दिसत नाही. शिवाय ही सरासरी तमाम पुरुषांची नव्हे, त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्यांची. २०१९ मध्ये असे शंभरात सव्वीसच सापडले. उरलेले चौऱ्याहत्तर बहुधा जिरे शोधत असावेत.

कारण पुरुषाचा स्वयंपाक अडतो तो जिऱ्यापाशी. "आज तू बस, मटण मी करतो," अशी घोषणा रविवारी सकाळी होते. पाचव्या मिनिटाला आतून हाक येते, "अगं, जिरं कुठंय?" जिरे चहाच्या जुन्या डब्यात असते, चहा बिस्किटांच्या डब्यात असतो आणि बिस्किटे कुठे आहेत हे मुलांना कळू नये म्हणून कोणालाच सांगितलेले नसते. ही व्यवस्था ज्या घरात पंधरा वर्षे चालली आहे, त्याच घरात आपणही राहतो, हे गृहस्थांना त्या दिवशी नव्याने समजते. मग बसलेली ती उठते. कांदा चिरते, खोबरे भाजते, वाटण काढून देते आणि पुन्हा 'बसते'. गृहस्थ ते वाटण पातेल्यात ओततात. तो क्षण मोबाईलवर टिपला जातो.

कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली 'रुचिरा'मध्ये मापे वाटी-चमच्यात दिली आणि नव्याने संसाराला लागलेल्या कितीतरी मुलींना धीर आला. रविवारच्या बल्लवाचार्यांना वाटी चालत नाही. वाटी म्हणजे नेमकी कोणती? आमटीची की श्रीखंडाची? त्यांना ग्रॅम लागतात, त्यासाठी बॅटरीवरचा काटा लागतो, आणि 'मीठ चवीनुसार' वाचले की ते कोणाच्या चवीनुसार, असा मुद्दा उपस्थित करतात. मटण मात्र चांगले होते, हे कबूल केले पाहिजे. दुपारी चारला होते.

हातकामाचा न्याय आणखी गमतीचा. ती टीव्ही पाहता पाहता क्रोशाच्या सुईने अख्खे तोरण विणते. त्याला 'विरंगुळा' म्हणतात. "बाजारात दीडशेला मिळतं की!" असा भावही सांगितला जातो. तो मात्र भिंतीत एक भोक पाडायचे ठरवतो, तेव्हा घरात 'काम निघते'. ड्रिल मशीन येते, स्टूल धरायला मुलगा उभा राहतो, धूळ झेलायला कागद घेऊन बायको, आणि सासूबाई लांबूनच "जपून रे" म्हणतात. भोक पडते. त्यावर टांगलेले घड्याळ जरा डावीकडे कललेले असते, पण वेळ बरोबर दाखवते, त्यामुळे विषय तिथेच संपतो.

म्हणून आमची सूचना अशी की, यापुढे वरपक्षानेही रुखवत मांडावे. फार नको, एक टेबल पुरे. मध्यभागी मुलाने लाटलेली एक पोळी. गोल असावी, निदान कोणत्या देशाचा नकाशा आहे ते ओळखू येऊ नये. शेजारी त्याने शिवलेले शर्टाचे एक बटण, चार भोकांतून दोरा गेलेले. न करपलेली लसणाची फोडणी. घासलेले दुधाचे पातेले, आतून. प्रत्येक वस्तूपुढे त्याने उखाणा घ्यावा, आणि वधूकडच्या एखाद्या मावशीने वाकून विचारावे, "हे सगळं मुलानं स्वतः केलंय ना?"

वरमाई आडव्या येतील, हे आम्ही धरून चाललो आहोत. "त्याला कुठे वेळ असतो, मीच करून दिलं असतं," असे त्या म्हणतील आणि आदल्या रात्री खरोखरच करून देतील. ही अडचण आम्ही तयार रुखवत भाड्याने देणाऱ्या एका दुकानदाराच्या कानावर घातली. त्याने वही काढली. पोळी मातीची करू, म्हणाला, रंगवून घेऊ, टिकेल. भाडे किरकोळ, अनामत वेगळी. मग पेन्सिल थांबवून त्याने विचारले, "कड जराशी वाकडी ठेवू का? खरी वाटेल."