बेटरमेंटराव

जुलै लागला की सारी सांगली आयर्विन पुलाकडे डोळे लावून बसते. 40 फुटांवर इशारा, 45 फुटांवर धोका. पाणी किती चढलं ते टपरीवरचा पोऱ्यासुद्धा इंचात सांगतो. आमचे शेजारी बेटरमेंटराव मात्र गेल्या पावसाळ्यात पुलाकडे ढुंकून बघत नव्हते. त्यांची धोक्याची पातळी होती 97.8. कन्येला एमएचटी-सीईटीत तेवढे परसेंटाइल पडले होते.

नाव अर्थातच बारशातलं नाही. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडला जागा मिळाली की दोन वाटा असतात. फ्रीझ म्हणजे मिळालं ते पदरात घ्या. बेटरमेंट म्हणजे हातचं राखून पुढच्या फेरीत आणखी चांगल्याची वाट बघा. हे गृहस्थ दुसरी वाट धरूनच जन्माला आले. साड्यांच्या दुकानात बायकोच्या आधी 'अजून एक गठ्ठा काढा' म्हणणारे हेच. आंबे घेताना पेटी उघडायला लावतात, वास घेतात आणि पलीकडच्या गाड्यावर जातात. मुली बघायला लागले तेव्हा होकार कळवायला चार महिने लावले होते म्हणे. "चौथ्या राउंडला मीच उरले होते," वहिनी सांगतात.

सीईटीचा निकाल लागला तेव्हा आजींनी लगेच पेढे मागवले.

"सत्त्याण्णव टक्के पडले नातीला!"

"आई, टक्के नव्हेत. परसेंटाइल. म्हणजे शंभरातली सत्त्याण्णव पोरं मागे."

"मग पुढे दोन-तीनच की!"

"शंभरात दोन-तीन. परीक्षेला चार लाखांवर पोरं होती. पुढे नऊ हजार आहेत, नऊ हजार."

आजींनी पुड्याचा दोरा पुन्हा बांधला.

त्या रात्रीपासून घरात एक्सेलचा तक्ता सुरू झाला. आडव्या रांगेत फी, प्लेसमेंट, हॉस्टेल, घरापासूनचं अंतर, गेल्या तीन वर्षांचे कटऑफ. सीईटी सेलच्या कटऑफच्या पीडीएफ शेकडो पानांच्या असतात; बेटरमेंटरावांनी त्या गुरुचरित्राच्या नेमाने वाचल्या. पुण्याचं सीओईपी म्हटलं तर त्यांना कळत नाही, कॉलेजचा कोड म्हटला की चेहरा उजळतो. एका मुंजीत जेवणाच्या पंगतीत त्यांनी समोरच्याला विचारलं, "तुमची सीट जी-ओपन-एस की एल-ओपन-एच?" समोरचा आचाऱ्याचा माणूस होता. तक्त्याच्या अगदी शेवटच्या रकान्यात 'मुलीची इच्छा' हेही होतं. पण प्रिंट काढली की तो रकाना ए-फोर कागदावर मावायचा नाही.

इच्छा तशी सरळ होती. पोरीला इलेक्ट्रॉनिक्स आवडायचं आणि कॉलेज वालचंद चालणार होतं. आता वालचंद म्हणजे काही ऐरंगैरं नव्हे. 1947 सालचं कॉलेज. लांबलांबची पोरं तिथे नंबर लागावा म्हणून देव पाण्यात घालतात. पण त्याचा एकच अक्षम्य दोष होता. ते सांगलीतच, विश्रामबागेत होतं. रोज सकाळी ज्या फाटकावरून आपण फिरायला जातो त्याच फाटकातून पोरीला आत सोडायचं, तर मग चार लाख पोरांशी झुंजून मिळवलं काय? हीच इमारत नांदेडला असती तर बेटरमेंटराव रात्रीची गाडी पकडून बघायला गेले असते.

मग सल्लागार आले. या मोसमात महाराष्ट्रातले समस्त नातेवाईक दोन पंथांत वाटले जातात: कॉलेजवाले आणि ब्रांचवाले. पुण्याचे मामा कट्टर कॉलेजवाले. "1854 सालचं आहे सीओईपी. सत्तावनच्या उठावाच्याही आधीचं! आता तर स्वतंत्र विद्यापीठ झालंय. मेटलर्जी मिळू दे, काहीही मिळू दे, आत शिरायचं. पुढे कोण विचारतं ब्रांच?" आत्याचा मुलगा हिंजवडीत नोकरीला, तो ब्रांचवाला. "नावाला काय चाटायचंय? खासगीत जा, पण कॉम्प्युटर घे. नाहीतर एआय-डीएस." बेटरमेंटरावांची खासियत अशी की त्यांना दोघांचंही पटतं. मामांचा फोन झाला की सीओईपी आणि व्हीजेटीआयच्या सगळ्या शाखा, पार टेक्स्टाइलपर्यंत, वर सरकायच्या. आत्याच्या मुलाचा झाला की पुण्यातलं दिसेल ते कॉम्प्युटर वर. वर आणखी एक मेख होती. पुण्याच्या खासगी कॉलेजांत सांगलीची मुलगी 'अदर दॅन होम युनिव्हर्सिटी' ठरते. तिथल्या विद्यापीठाच्या मुलांना 70 टक्के जागा, बाहेरच्यांना 30. "म्हणजे माझी पोरगी पुण्यात परकी?" असं म्हणून ते दोन दिवस नुसते बसून होते. पुण्यात सांगलीकर तसाही परकाच असतो, हे मी त्यांना बोललो नाही.

ऑप्शन फॉर्मला 300 पर्यायांची मर्यादा आहे म्हणून बरं. पण खरा घाव 2025 च्या नियमांनी घातला. फेऱ्या तीनच्या चार झाल्या, तेव्हा बेटरमेंटराव हरखले. पुढचं वाचलं आणि पांढरे पडले. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागणार. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी मिळाला तरी तेच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. साध्या माणसाला यात गैर काही दिसणार नाही. पहिली पसंती मिळाली, घ्या आणि पेढे वाटा. पण ज्याला आयुष्यात कुठलंच दार लावून घ्यायचं नाही, त्याला आपली पहिली पसंती खरोखर मिळण्यासारखं संकट नाही.

त्यावर त्यांनी तोड काढली. पहिला पर्याय असा हवा की जो मिळणं शक्यच नाही. लिहिलं सीओईपी, कॉम्प्युटर. ते 99 च्या पुढे दशांशात भांडणाऱ्यांचं काम. तिथून भय नव्हतं. दुसऱ्या फेरीला अशी तीन अप्राप्य ठिकाणं लागली, तिसरीला सहा. रात्री एक वाजता त्यांच्या बाल्कनीतून आवाज आला, "अगं, सहावं सापडत नाहीये. यातलं एक चुकून मिळायची भीती वाटते." आणि पोरीचं वालचंद-इलेक्ट्रॉनिक्स फेरीगणिक सुरक्षित खाली सरकत राहिलं.

पहिल्या फेरीची यादी लागली. मिळालं वालचंद, इलेक्ट्रॉनिक्स. बेटरमेंट! दुसऱ्या फेरीत वालचंद, इलेक्ट्रॉनिक्स. बेटरमेंट! तिसऱ्या फेरीत तेच आलं तेव्हा कन्या मैत्रिणींबरोबर पिक्चरला गेली होती. निकाल तिला आजींनी फोनवर सांगितला. चौथ्या फेरीनंतर दाबायला काही शिल्लक नव्हतं. जे होतं ते घेतलं. मधल्या काळात पाणी पुलाखालून किती वाहून गेलं ते सांगलीत इतर सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रवेशाच्या दिवशी फाइलमध्ये डोमिसाइलपासून दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत सगळ्याच्या तीन-तीन प्रती. खिडकीवरच्या क्लार्कबाईंनी शिक्का मारला, पावती पुढे केली. बेटरमेंटराव हलले नाहीत.

"मॅडम, दुसऱ्या वर्षाला ब्रांच बदलून मिळते का?"

"पहिलं वर्ष तर होऊ दे."

"नाही, नुसतं विचारून ठेवतो. आणि तुकडी? अ आणि ब असतील ना?"

कन्येने पावती घेतली, वडिलांचा दंड धरला आणि मागच्या पालकाला जागा करून दिली.

तक्ता काही दिवस उघडा पडून होता. मग घरातला धाकटा दहावीत गेल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. अकरावीचे प्रवेशही आता सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, पण पर्याय फक्त 10. "दहात काय होतंय?" असं पुटपुटत त्यांनी त्याला समोर बसवलं.

"मला अकरावी नको," धाकटा म्हणाला. "मला आयटीआयला जायचंय. मोटर मेकॅनिक."

वहिनींनी गॅस बंद केला. आजींनी जपमाळ थांबवली. बेटरमेंटराव मात्र चष्मा पुसत पुढे सरकले.

"त्यालाही ऑप्शन फॉर्म असतो ना?"