खंड्या वर आलाय!

आमच्या घरात सध्या एकाच्याच तब्येतीची दिवसभर चौकशी चालते आणि तो कोणालाही उत्तर देत नाही. तो म्हणजे खंड्या. निळा रंग पाहून लेकीने हे नाव ठेवलं. खंड्या पक्षी मासे खाऊन जगतो, हे तिला सांगायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही. दुकानात त्याला नुसतं 'फायटर' म्हणतात. बेटा स्प्लेंडेन्स हे भारदस्त नाव त्याला चार्ल्स टेट रीगन या इंग्रज अभ्यासकाने १९१० मध्ये दिलं. बोटभर जीव, पण रुबाब असा की आरशात स्वतःलाच पाहून कल्ले फुगवून भांडायला उठतो.

खंड्या आल्यापासून "वर आलाय!" ही आमच्याकडची आणीबाणीची घोषणा झाली. माशाने गुमान पाण्यात राहावं. तो वर येऊन तोंडाने हवा गिळायला लागला की त्याचं काही खरं नाही, असा घरातल्या सगळ्यांचा ठाम समज. शेजारचे काका ऐकून धावत आले, "ऑक्सिजन संपलाय" असं निदान केलं आणि स्वतःच्या जुन्या टाकीतला पंप आणून लावला. या माशाच्या लांब झिरमिळ्या परांना जोराचा प्रवाह सोसत नाही. खंड्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ढकलला जात होता आणि काका म्हणत होते, "बघा, कसा तरतरीत झाला!"

खरं म्हणजे वर येणं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. मूळचा तो थायलंडचा. भातखाचरं, डबकी, गवताळ दलदल ही त्याची वतनवाडी, आणि तिथल्या कोमट, साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन बेताचाच. म्हणून कल्ल्यांच्या वर त्याला घड्याघड्यांचा एक जादा अवयव मिळालाय. त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. वर येऊन गिळलेली हवा तिथे जाते आणि तिथून ऑक्सिजन थेट रक्तात. वर यायची वाट बंद केली तर हा पठ्ठ्या पाण्यातही गुदमरू शकतो. म्हणून टाकी काठोकाठ भरायची नाही, पाणी आणि झाकण यांच्यामध्ये जागा ठेवायची. झाकण मात्र हवंच, कारण साहेबांना उड्या मारायचीही सवय असते.

माझं माहेर मासे खाणारं, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. बाजारात घमेल्यात चार बोटं पाण्यात तासन्‌तास जिवंत राहणारी मरळ मी लहानपणापासून पाहिली आहे. तीही हवेतून श्वास घेते आणि लांबच्या नात्याने खंड्याची भाऊबंदच लागते. हे मी शाकाहारी सासूबाईंना उत्साहाने सांगितलं. मरळीचं पुढे काय करायचे, हेही त्याच ओघात बोलून गेले. त्या बराच वेळ खंड्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

तर, वर येऊन घोटभर हवा घेऊन खाली जाणारा मासा ठणठणीत समजावा. काळजी करायची ती वर येऊन तिथेच मुक्काम ठोकणाऱ्याची. कल्ले भराभर हलतायत, पर अंगाशी मिटलेत, समोर दाणा टाकला तरी बघत नाही, अशी लक्षणं दिसली की माशाला नव्हे, पाण्याला तपासायचं. विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून पाण्यात अमोनिया साठतो आणि तो कल्ले जाळतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतानाही हे होतं, ही त्यातली खरी गोम. चाचणीच्या बाटलीतले थेंब घातले की समजतं: पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झालं तर बादली आणा, थोडं पाणी बदला, आणि नळाचं पाणी त्यातलं क्लोरीन घालवल्याशिवाय ओतू नका. आम्हाला मासा विकणाऱ्याचं मत मात्र असं की, "फायटरला काय, बरणीतपण राहतो." राहतो, तसे लोकलच्या दारातही लोक राहतात.

मग एका सकाळी खंड्या खरोखरच कलला. एका कुशीवर, पोट टम्म, खाली जायला बघतोय आणि बुचासारखा वर येतोय. सासूबाई म्हणाल्या, "वात झालाय." आम्ही हसलो. चौकशीअंती उघड झालं की त्याला सकाळी लेक खायला घालते, ती शाळेत गेल्यावर नवरा घालतो, दुपारी सासूबाई घालतात आणि संध्याकाळी काका येऊन "उपाशी दिसतोय" म्हणून घालतात. खंड्याने प्रत्येकाची वेळ पाठ केली होती. माणूस दिसला की काचेशी येऊन असं काही अंग घुसळायचा की चार दिवसांचा उपाशी वाटावा. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं धरतात. तरंगण्यासाठी माशाच्या आत हवेची पिशवी असते. खाऊन आतडी तुंबली की ती दाबली जाते आणि तोल जातो.

"म्हणजे वातच," सासूबाई म्हणाल्या. यावर कोणाकडेही उत्तर नव्हतं.

उपाय लंघन. हे मात्र त्यांना मनापासून पटलं. त्यांनी ती खंड्याची एकादशी जाहीर केली आणि दुपारी हळूच विचारलं, "भिजवलेल्या साबुदाण्याचा एक दाणा चालेल का?" मी म्हटलं, तो कीटक खाणारा प्राणी आहे, त्याला उपासाचंही चालत नाही. फ्रीजरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी गोठवलेल्या ब्लडवर्म अळ्यांची पट्टी कशाची आहे, हे त्यांना कळू नये म्हणून मी ती मटारच्या पिशवीत ठेवते.

तो सावरला आणि पाण्यावर फेस दिसू लागला. "साबण गेला असेल," नवरा. "विषबाधा," काका. तो फेस नव्हता, घरटं होतं. नर तोंडातल्या चिकट स्रावात हवेचे बुडबुडे गुंडाळून पृष्ठभागावर रचतो, अंडी त्यात ठेवतो, मादीला हुसकावून लावतो आणि एकटाच राखण करतो. पिल्लू खाली पडलं की तोंडात धरून परत वर नेऊन ठेवतो. खंड्याला मादी नाही, कधी दिसलेलीही नाही. स्थळ येण्याआधी फ्लॅट बुक करणाऱ्यांतला तो. घरटं दिसलं म्हणजे तब्येत उत्तम असंही नसतं, खराब पाण्यातही हे बांधकाम चालूच असतं. पण सासूबाईंनी एवढं ऐकून घेतलंच नाही. "बाप पिल्लं सांभाळतो," एवढं ऐकून त्यांनी आपल्या लेकाकडे वळून पाहिलं. नवरा पेपरात शिरला.

पुण्याच्या डिसेंबरात त्याची हालचाल मंदावली, तेव्हा त्याला हीटर आला. २६ अंशांवर लावून ठेवलाय. आम्ही गीझर दहा मिनिटांत बंद करतो.

आता मी पानं असलेली एक वेल पृष्ठभागाजवळ सोडली आहे. हे मासे अशा रुंद पानावर अंग टाकून विसावतात, वर हवा जवळच असते. पण घरी ते मान्य व्हायला वेळ लागला. परवा ऑफिसात मीटिंगमध्ये फोन.

"अगं, खंड्या आडवा पडलाय. वरच्या पानावर."

"आई, कल्ले हलतायत का?"

"हलतायत. सावकाश."

"मग झोपलाय तो."

"दुपारी अडीच वाजता?"

"तुम्ही काय करत होतात?"

"मी पडलेच होते जरा. पण मी जेवून पडले होते, त्याला कुठे आज कोणी घातलंय? घालू का थोडं?"